मंत्राचे मोल

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही राजांच्या फौजा सारख्या असतात, आणि म्हणूनच त्या खेळाच्या कायद्यात एखाद्या मोहऱ्याला कितीही सामर्थ्य बहाल केले तरी न्यायाचा काटा ढळत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला, जो तोवर तिरक्या दिशेने जेमतेम एक घर सरकू शकत होता, आठही दिशांना हवी तितकी घरे धावण्याची मुभा मिळाली, तेव्हा खेळाचे सारे रूप पालटले आणि डाव झपाट्याने निकालात निघू लागले. परंतु कोणा एका खेळाडूवर अन्याय झाला असे म्हणण्यास जागा उरली नाही, कारण नवा वजीर काळ्याच्या पदरी होता तसाच पांढऱ्याच्याही पदरी होता. आपल्याकडील जुन्या रिवाजाच्या बुद्धिबळात तर सामर्थ्य देताना अटी घालण्याची दृष्टी फार सूक्ष्म होती. राजाला सबंध डावात एकवार घोड्याची चाल खेळता येई, पण तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसेल तरच. आणि पटाच्या पैलतीरी पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात जाऊन उभे राही त्याच मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे, वाटेल तो दर्जा मागून घेण्याची सवलत त्याला नव्हती.

ज्या खेळाविषयी मला येथे लिहावयाचे आहे त्यात मात्र समसमान फौजांचा हा आधार मुळातच नाही. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एक जण सूत्रधार होतो आणि एखाद्या कल्पित मुलखाचे, तेथील राजांचे, राक्षसांचे, ओसाड गढ्यांचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र अंगीकारतात, कोणी तलवारबहाद्दर शिपाई, कोणी मांत्रिक, कोणी कुलपे लीलया उघडणारा चोर, तर कोणी देवाच्या कृपेने जखमा भरून काढणारा उपासक. आणि ‘आता तुम्ही काय करता?’ या सूत्रधाराच्या प्रश्नाला प्रत्येकाने दिलेल्या उत्तरातून, व जेथे यशाची खात्री नसेल तेथे टाकलेल्या फाशाच्या दानातून, कथा पुढे सरकत राहते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला आणि आरंभी त्याच्या अवघ्या १,००० प्रती छापल्या होत्या. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना तळघरात बसून हाच खेळ खेळणारी मुले आठवतील.

या मेजावरचे खेळाडू एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून सोबती असतात. मग एखाद्याच्या पात्राचे बळ दुसऱ्याहून चौपट असले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर असे की, या खेळात अन्याय पराभवाच्या रूपाने अवतरत नाही, तो निरुपयोगाच्या रूपाने अवतरतो. दिवसभराचे काम आटोपून, आठवड्यातली एक संध्याकाळ राखून, जो मनुष्य शिपायाचे पात्र घेऊन चार तास बसला, त्याने तलवार उपसण्यापूर्वीच प्रत्येक वेळी मांत्रिकाच्या एका मंत्राने शत्रू भस्मसात होत असेल, तर त्याचा शिपाई मरत नाही, जखमीही होत नाही. तो केवळ अनावश्यक ठरतो. समतोल म्हणजे सर्वांना सारखे बळ देणे, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. ज्याच्यावाचून कथा पुढे जाऊच शकत नाही असा प्रसंग मेजावरील प्रत्येकाच्या वाट्याला यावा, आणि एकाच्या सामर्थ्याने दुसऱ्याचा असा प्रसंग गिळून टाकू नये, हा समतोलाचा खरा अर्थ आहे; आणि प्रत्येक मंत्राचे मोल ठरवताना तो किती मोठा आहे यापेक्षा तो दुसऱ्याच्या हातून काय हिरावून घेतो हे आधी पाहावे लागते.

हा खेळ जन्मला तो युद्धाच्या खेळांतून. मेजावर शिशाचे सैनिक मांडून लढाया लढण्याचा नाद असलेल्या मंडळींसाठी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढले, आणि त्याच्या पुरवणीत जो मांत्रिक प्रथम अवतरला त्याच्या आगीच्या गोळ्याचे मोजमाप दगड फेकणाऱ्या मोठ्या युद्धयंत्राच्या माऱ्याएवढे ठरवलेले होते. म्हणजे मांत्रिक हे त्या काळी माणसाच्या वेषातले एक यंत्रच होते. पुढे तो सैन्यातून निघून चौघा सोबत्यांमध्ये एक पात्र म्हणून आला आणि तंटा उपस्थित झाला, कारण ज्याच्या एका फेकीत पलटणीची फळी कोलमडते त्याने शेजारच्या एकट्या शिपायाशी तोलामोलाने राहावे तरी कसे? त्यावर काढलेली तोड जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकावरून घेतलेली होती. व्हान्सच्या सृष्टीतला मांत्रिक मोजकेच मंत्र स्मरणात साठवू शकतो, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. गायगॅक्सने हा नियम उचलला. मांत्रिकाचे मंत्र दिवसाला गणतीचे केले आणि शिपायाची तलवार मात्र दिवसभर चालू राहू दिली.

मराठी वाचकाला हे तत्त्व समजण्यासाठी परदेशी कादंबरीचा आधार घेण्याची गरज नाही, कारण महाभारतात त्याचे याहून खोल रूप सापडते. कर्णाने जन्मजात कवचकुंडले देऊन इंद्राकडून जी शक्ती मिळवली ती अमोघ होती, पण एकदाच, एकाच शत्रूवर चालणारी. आणि तो ती अर्जुनासाठी राखून बसला होता. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची अशी दाणादाण उडवली की आपल्याच माणसांच्या आकांतापुढे कर्णाचा निरुपाय होऊन ती शक्ती त्याला तेथेच वेचावी लागली, आणि भीमपुत्र पडल्याचे दुःख पांडवांच्या शिबिरात पसरलेले असता श्रीकृष्णाला मात्र हर्ष झाला. अस्त्र मोठे आहे हे या प्रसंगाचे मर्म नव्हे. ते एकच आहे, त्यासाठी अंगचे कवच गेले आहे, ते केव्हा वेचावे याचा निर्णय कर्णाचा आहे आणि तो निर्णय त्याच्या हातून हिसकावून घेण्याची युक्ती शत्रूपाशी आहे, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो प्रसंग हजारो वर्षे ऐकला जातो. कर्णाला ती शक्ती रोज वापरता आली असती तर व्यासांना ती कथाच रचता आली नसती.

आता हे सारे आपल्या परिचयाच्या भूमीवर मांडून पाहू. सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. त्याला डोंगराचा उंचवटा लाभलेला नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी दुहेरी तटबंदी उभारली, भोवती खंदक खणला आणि एका अंगाला सिद्धेश्वराच्या तळ्याचे पाणी घेतले. बहमनी राज्य मोडल्यावर या किल्ल्यावरून अहमदनगर आणि विजापूर यांच्यात वर्षानुवर्षे कलह चालला. १५२४ साली आदिलशहाची बहीण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण देण्याचा करार झाला आणि तो पाळला न गेल्याने लढाया झाल्या, तर पुढे तालिकोटच्या युद्धाच्या आदल्या काही वर्षांत निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने आंदण म्हणून गेला. सूत्रधाराला याहून चांगला मुलूख कोणता हवा? समजा, किल्ला स्वाधीन करण्याच्या आदल्या रात्री किल्लेदाराच्या दप्तरातून एक जुना दस्तऐवज बाहेर काढावयाचा आहे, आणि आपले चौघे, सर्व अनुभवाच्या पाचव्या पातळीचे, अंधार पडल्यावर खंदकाच्या काठाशी येऊन थांबले आहेत. नियम २०१४ सालच्या आवृत्तीचे धरू.

पहिला अडथळा कुलपाचा. दरवाजा भक्कम आहे, त्याची अवघडता २० धरली आहे. चोराच्या कसबाचे ७ गुण त्याच्या दानात मिळवले जातात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडले तर कुलूप उघडेल, आणि हा संभव शेकडा ४० आहे. दोन प्रयत्न करू दिले तर तो ६४ वर जातो, तीन करू दिले तर ७८ च्या पुढे. मात्र प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागतो आणि गस्तीचा फेरा जवळ येत राहतो. मांत्रिकाजवळ ‘नॉक’ नावाचा मंत्र आहे. त्याला फासा लागत नाही, तो चुकत नाही, उच्चारताच कुलूप उघडते. जुन्या आवृत्त्यांत तो एवढाच होता, आणि त्यामुळे ज्याने अनेक संध्याकाळी खपून आपल्या चोराचे कसब वाढवले त्याचा हक्क एका मंत्राने जप्त होत असे. २०१४ च्या आवृत्तीने त्यात एका वाक्याची भर घातली: मंत्र लागताच दरवाजातून ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल असा मोठा ठोका उमटतो. मला ही दुरुस्ती सबंध खेळातल्या उत्तम दुरुस्त्यांपैकी एक वाटते, कारण तिने मांत्रिकाचे बळ कणभरही कमी केलेले नाही, कुलूप अजूनही निश्चित उघडते. तिने केवळ दोन मार्गांना दोन स्वभाव दिले. घाई असेल आणि पहारा जागा झालेला चालणार असेल तर मांत्रिक पुढे होईल. निःशब्दता हवी असेल तर सगळे श्वास रोखून चोराच्या फाशाकडे पाहतील. कोणता मार्ग घ्यावा यावर चौघांत जी कुजबूज होते तीच या खेळाची गोडी आहे.

शिवाय पाचव्या पातळीच्या मांत्रिकाला ‘नॉक’च्या श्रेणीचे मंत्र दिवसाला तीनच वेळा म्हणता येतात. किल्ल्यात एकच कुलूप असेल तर मांत्रिकाला चोराची गरज नाही. सात कुलपे असतील तर आहे. म्हणजे समतोलाचा मोठा भाग पुस्तकात लिहिलेलाच नसतो, तो सूत्रधाराने किती दरवाजे बांधले आणि मधे किती विश्रांती मिळू दिली यावर अवलंबून असतो. आठ तासांच्या झोपेनंतर मांत्रिकाचे सारे मंत्र परत येतात, आणि म्हणूनच रचनाकारांनी सूत्रधारासाठी लिहिलेल्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण प्रसंगांची अपेक्षा धरली आहे. जो सूत्रधार दिवसाकाठी एकच लढाई ठेवतो आणि मग मांत्रिक डोईजड झाला म्हणून हळहळतो, त्याने दोष मंत्रांना देण्यापूर्वी आपले वेळापत्रक तपासावे.

आत गेल्यावर भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि हा प्रश्न सोलापूरकराला विशेष जवळचा वाटेल, कारण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या शहरात एका गल्लीत ऐकू येतात तेथील माणसाला बहुभाषिकतेचे बळ सांगावे लागत नाही. दस्तऐवज फारसी, तटावरचे प्यादे कानडी, भटारखान्यातली माणसे तेलुगू बोलणारी. मांत्रिकाच्या पहिल्याच श्रेणीच्या एका मंत्राने तासभर कोणतीही भाषा समजू लागते आणि लेखावर हात ठेवून तो वाचताही येतो, मात्र पानास एक मिनिट लागते, आणि बोलता येत नाही ते नाहीच. ही अखेरची अट नसती तर ज्या उपासकाच्या पात्राला कानडी व तेलुगू येते असे खेळाडूने पहिल्या दिवशी हौसेने लिहून ठेवले, त्याचे ते लिहिणे वाया गेले असते. अट आहे म्हणून मांत्रिक ऐकून सांगतो की पहारेकऱ्यांना संशय आलेला आहे, आणि उपासक पुढे होऊन त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलून तो फेडतो.

अखेर दप्तराच्या दालनात दहा पहारेकरी सामोरे येतात. पाचव्या पातळीचा शिपाई एका पाळीत दोन वार करतो. मोठ्या तलवारीचा वार सहा बाजूंच्या दोन फाशांचा आणि वर बाहुबळाचे ४ गुण, म्हणजे सरासरी ११, दोन्ही लागले तर २२, आणि हे तो रात्रभर करू शकतो. मांत्रिकाचा आगीचा गोळा सहा बाजूंच्या आठ फाशांचा, सरासरी २८, आणि २० फूट त्रिज्येत उभ्या असलेल्या प्रत्येकाला. त्याच नियमसंचातील सूत्रधारांच्या पुस्तकात नवे मंत्र घडवण्याचा जो तक्ता आहे त्याप्रमाणे या श्रेणीच्या अनेकांवर चालणाऱ्या मंत्राला सहा फासे, म्हणजे सरासरी २१ गुणांचाच मारा द्यावयास हवा. तेव्हा आगीचा गोळा रचनाकारांच्या स्वतःच्या मापापेक्षा एकतृतीयांशाने जड आहे. तरीही या दालनात मांत्रिकाचा हात अडखळेल. मंत्राच्या वर्णनात असेही लिहिले आहे की, त्या आगीत कोणी अंगावर वा हाती न धरलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेट घेतात. आणि भोवती फडताळे आहेत, रुमालात बांधलेली दप्तरे आहेत, ज्या कागदासाठी जिवावर उदार होऊन येथवर आले तो त्यांतच कोठेतरी आहे. येथे शिपायाच्या तलवारीची पाळी आली, आणि ती कोणी दयेने दिलेली नाही. सामर्थ्याला आवर घालण्याचे दोन प्रकार आहेत: आकडा घटवणे, किंवा तो आकडा जेथे महागात पडेल असे स्थळ रचणे, यांपैकी दुसरा प्रकार मला नेहमीच श्रेष्ठ वाटत आला आहे, कारण त्यात खेळाडूच्या हातून काही काढून घ्यावे लागत नाही, त्याला फक्त विचार करावा लागतो.

मंत्राचे मोल कोणत्या नाण्यात घ्यावे याविषयीची मते या पन्नास वर्षांत पुष्कळ बदलत गेली. १९७८ सालच्या नियमांत मांत्रिकाचे प्राणबळ चार बाजूंच्या फाशाने ठरे आणि शिपायाचे दहा बाजूंच्या. मांत्रिकाला चिलखताची मनाई होती. मंत्र म्हणत असता घाव बसला तर मंत्र फुकट जाई. आणि दुसऱ्या पातळीवर चढण्यास चोराला अनुभवाचे १,२५१ गुण पुरत तेथे शिपायाला २,००१ व मांत्रिकाला २,५०१ लागत. त्या काळची कल्पना अशी दिसते की, मांत्रिकाने तारुण्यात हाल सोसावेत आणि प्रौढपणी राज्य करावे. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की आरंभीच्या महिन्यांत मांत्रिकाचा खेळाडू एक मंत्र म्हणून उरलेली संध्याकाळ लपून बसे, आणि शेवटच्या महिन्यांत शिपायाचा खेळाडू हात बांधून बसे. दोन अन्यायांची बेरीज करून न्याय निघतो, हा हिशेब कागदावर जुळला तरी मेजावर बसलेल्या माणसांना जुळत नाही. त्याच काळी ‘हेस्ट’ या वेग वाढवणाऱ्या मंत्राने ज्याच्यावर तो टाकला त्याचे वय एका वर्षाने वाढे. कल्पना रोमहर्षक होती, परंतु तरुण पात्राला त्या एका वर्षाचे काहीच वाटत नसे. २०१४ च्या आवृत्तीत त्याच मंत्राला मांत्रिकाचे अवधान लागते, असे अवधान एका वेळी एकाच मंत्राला देता येते, घाव बसला तर ते सुटण्याचा धोका असतो, आणि मंत्र संपताच वेगवान झालेला सोबती त्याच्या पुढच्या पाळीचा अंत होईपर्यंत जागच्या जागी खिळून राहतो. देणे लांबणीवर न टाकता त्याच लढाईत, सर्वांच्या देखत वसूल होते.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीचा उल्लेख येथे आदराने केला पाहिजे. तिच्या रचनाकारांनी हा जुना तंटा मुळातून मिटवण्याचे धैर्य दाखवले: शिपाई असो की मांत्रिक, प्रत्येकाला काही करामती वाटेल तेव्हा वापरण्याच्या, काही लढाईगणिक एकदा आणि काही दिवसातून एकदाच, अशी एकच व्यवस्था त्यांनी सर्वांना लावून दिली. लढाईच्या पटावर त्या आवृत्तीइतका चोख न्याय या खेळात पूर्वी कधी झाला नव्हता. पण अनेक खेळाडूंना सारी पात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटू लागली, मांत्रिकाच्या मंत्रातली अद्भुतता आणि शिपायाच्या तलवारीतला साधेपणा दोन्ही फिके पडले, आणि सहा वर्षांनी निघालेल्या पुढच्या आवृत्तीने ती सामायिक चौकट सोडून दिली. मला स्वतःला तो प्रयत्न फसला असे म्हणवत नाही. न्याय आणि नानात्व यांपैकी एकासाठी दुसऱ्याचे किती द्यावे लागते, हे त्यानेच प्रथम स्पष्ट करून दाखवले.

जे सूत्रधार स्वतःच्या मंडळीसाठी नवे मंत्र रचतात त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. एखादे सामर्थ्य जड झाले असे दिसले तर खेळ चालू असता त्याला कात्री लावू नये. रचलेला प्रसंग तसाच पार पडू द्यावा, आणि मग दोन बैठकांच्या मधल्या काळात त्या खेळाडूशी मोकळेपणाने बोलून एकच अट बदलावी, मुदत किंवा अंतर किंवा संख्या, तिन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले हे कळेनासे होते. फाशावरील बढत्या देतानाही हात आखडता ठेवावा. वीस बाजूंच्या फाशावर एक गुण म्हणजे शेकडा पाच, आणि दोन फासे टाकून त्यांतला मोठा धरण्याची सवलत दिली तर निम्मी असलेली आशा एकदम पाऊण होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवा मंत्र कागदावर उतरवण्यापूर्वी मेजावरच्या प्रत्येक पात्राचे नाव घेऊन स्वतःला विचारावे की, या मंत्रामुळे याचे कोणते काम आता कोणी करणार नाही.

२०२४ साली, मूळ खेळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, नियमपुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिने ‘काउंटरस्पेल’ या, दुसऱ्याचा मंत्र हवेतच विझवणाऱ्या मंत्रात केलेला फेरफार पाहण्याजोगा आहे. पूर्वी तिसऱ्या वा खालच्या श्रेणीचा मंत्र या प्रतिमंत्राने हमखास विझे आणि ज्याचा विझला त्याचा त्या दिवसाचा एक मंत्रही खर्ची पडे. आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाची ती पाळी कोणी एका शब्दाने पुसून टाकावी, असा तो प्रकार होता. आता ज्याच्यावर प्रतिमंत्र टाकला त्याला बचावाचा फासा मिळतो, आणि तो हरला तरी त्याचा मंत्र त्या दिवसाच्या गणतीतून वजा होत नाही, पुढच्या पाळीला तो पुन्हा म्हणता येतो. त्याच पुस्तकात आगीच्या गोळ्याचे आठ फासे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.